सासूबाईंच्या गळ्यातली मधमाशी

भिंगराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते मेहुणीने ठेवलेलं, आणि असं घट्ट बसलेलं की खुद्द बायकोलाही फोनवर नवऱ्याचं नाव सांगताना क्षणभर आठवावं लागे. खिशात सदैव घडीचं भिंग. समोर काहीही येवो, औषधाची बाटली, बसचं तिकीट, तान्हं बाळ, आधी भिंगातून बघायचं आणि मग बोलायचं. तान्ह्या बाळाच्या आईला हे आवडत नसे, पण भिंगरावांच्या ते लक्षात येत नसे.

शहरातल्या संग्रहालयात जिन्याखालून वाकून आत गेलं की एक लांबट खोली लागते. भिंतीला लागून लाकडी कपाटं, कपाटांत उथळ खण आणि खणांत टाचण्यांवर टोचलेले किडे, शाळेच्या फोटोत पोरं उभी असतात तसे उंचीनुसार उभे. डांबरगोळ्यांचा वास इतका, की भिंगराव घरी पोचले की आधी त्यांचा शर्ट गॅलरीत टांगला जाई. ह्या खोलीचे ते तीसेक वर्षांचे राखणदार. जगात कोणी नवा किडा शोधला, त्याला नाव ठेवलं आणि तो इथे पाठवला, की भिंगराव ते नाव बारीक सुबक अक्षरात चिठ्ठीवर लिहून टाचणीखाली खोचत. दुसऱ्यांनी ठेवलेली नावं लिहिता लिहिता केस पिकले, पण स्वतः मात्र त्यांनी एका चिलटालाही नाव ठेवलेलं नव्हतं. वर्षअखेरीला निवृत्ती आली होती आणि ही गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिली होती.

मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं ह्यात एका टिंबाचा फरक आहे. पहिलं भिंगरावांच्या वाट्याला आलं नाही. दुसऱ्यात त्यांच्या सासूबाईंचा हात धरणारं कोणी नव्हतं.

सासूबाई कोणालाही सोडत नसत. शेजाऱ्यांचे पडदे, डॉक्टरांचं अक्षर, थोरल्या मुलीचा स्वभाव, धाकटीचा नवरा, सगळ्यांना सारख्याच मापाने मिळे. सर्वांत मोठा वाटा त्यांच्या स्वर्गवासी नवऱ्याचा. ते बोटीवर इंजिनिअर होते, वर्षातले आठ महिने पाण्यावर, आणि उरलेले चार घरात असूनही नसल्यासारखे. आणि भिंगराव? "ते ना, माशा मारतात," असं त्या येईल त्याला सांगत. भिंगरावांना ह्याचं वाईट वाटे. त्यातून पंचाईत अशी, की शब्दशः घेतलं तर ते खोटंही म्हणता येत नव्हतं.

ह्या रागाला एक जुनं कारण होतं. लग्न ठरण्याआधी भिंगराव पहिल्यांदा त्या घरी गेले, तेव्हा होणाऱ्या सासूबाईंच्या गळ्यात बारीक काचमण्यांची माळ होती आणि मध्ये सुपारीएवढा एक मोठा, मधाच्या रंगाचा मणी. खिडकीतून ऊन आलं, मणी उजळला आणि आत काहीतरी काळं दिसलं. भिंगराव उठले, खिशातून भिंग काढलं आणि सरळ त्या बाईंच्या गळ्यापाशी वाकले. "काय बघताय?" असं विचारल्यावर त्यांनी अगदी मनापासून उत्तर दिलं, "माशी."

नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाई त्या. गळ्यात माशी आहे असं पहिल्याच भेटीत ऐकून त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं. लग्न झालं ते मुलगी हट्टाला पेटली म्हणून. भिंगरावांनी मात्र कानाला खडा लावला आणि त्या मण्याविषयी पुन्हा चकार शब्द काढला नाही.

बघणं मात्र सुटलं नाही. दर रविवारी सासूबाई जेवायला येत आणि भिंगराव ताटावरून हळूच नजर वर नेत. सासूबाई पाणी प्यायला मान मागे करत, तेवढ्यात एक पंख दिसे. बाजूला वळून मुलीशी बोलत, तेवढ्यात मागचा पाय. असं तुकड्यातुकड्याने त्यांना कळत गेलं की माशी म्हणालो ती घाई झाली, ही मधमाशी आहे. पंख दोन नाहीत, चार आहेत. मणी काचेचा नाही, तृणमणी आहे, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडातून गळलेली राळ दगडासारखी झालेली. आणि मागच्या पायाची ठेवण अशी, की त्यांच्या साऱ्या खणांत तशी दुसरी नव्हती. अजून कोणी नाव न ठेवलेली मधमाशी, आणि ती बसली होती कुठे, तर जगातल्या एकमेव अशा माणसाच्या गळ्यात ज्याच्याकडे ती मागायची भिंगरावांची छाती नव्हती.

मग सासूबाईंना मोतीबिंदू झाला. ऑपरेशन झालं आणि त्या लेकीकडे राहायला आल्या. लेक दातांची डॉक्टर, दिवसभर दवाखान्यात. तेव्हा इतकी वर्षं डोळ्यात तेल घालून तो मणी बघणाऱ्या माणसाकडेच सासूबाईंच्या डोळ्यात औषध घालायचं काम आलं.

सासूबाई आरामखुर्चीत मान मागे टाकून पडल्या होत्या. भिंगराव बाटली घेऊन वाकले. मणी गळ्याच्या खळग्यात नीट बसला होता, खिडकीचा उजेड आरपार जात होता आणि आत मधमाशी एक पाय उचलून उभी होती, आत्ताच कोणाशी तरी बोलता बोलता थांबल्यासारखी. भिंगरावांचा हात थांबला. थेंब मात्र थांबला नाही.

"डोळा इथे आहे, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या. "नाकात घालायला कोणी सांगितलंय?"

"चुकलं, आई."

"चुकलं नाही. तुम्ही माझ्याशी कमी आणि माझ्या गळ्याशी जास्त बोलता, हे मी लग्नाच्या आधीपासून बघतेय. डोळा अधू असला तरी आंधळी नव्हते मी. काय आहे एवढं तिथे?"

भिंगरावांनी बाटली खाली ठेवली. "आई, त्या मण्यात एक मा—" त्यांनी जीभ चावली. "मधमाशी आहे."

"डाग आहे तो."

"डागाला सहा पाय नसतात."

दुसऱ्या दिवशी ते संग्रहालयातून सूक्ष्मदर्शक घेऊन आले आणि जेवायच्या टेबलावर मांडला. सासूबाईंनी गळ्यातली माळ काढली, पण हातातून सोडली नाही. एका हातात माळेचं टोक घट्ट धरून, नव्या डोळ्याने त्या वाकून बघायला लागल्या. बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत, आणि भिंगरावांना घाम फुटला, कारण सासूबाई गप्प बसल्याचा अनुभव त्यांना नव्हता.

"केस आहेत हिला," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो. परागकण गोळा करायला लागतात."

"चांगली आवरून सवरून निघाली असेल बिचारी कामाला. आणि पाय पडला तो डिंकात." मग थोड्या वेळाने, सवयीने, "पाय बाकी जाडच आहेत हो."

भिंगरावांना आनंदाने ओरडावंसं वाटलं. तेच तर त्यांचं म्हणणं होतं. एवढे जाड पाय ह्या घराण्यात दुसऱ्या कोणाचे नव्हते.

पण सासूबाईंचा चेहरा उतरला होता. "खरी कशावरून? ह्यांना कोणीतरी फसवलं असणार. पहिल्या फेरीवरून आले, माळ हातात ठेवली आणि म्हणाले, 'घे.' एवढंच. आत काय आहे, कुठून आणली, काही नाही. मी म्हटलं, एवढ्या बंदरांत फिरून आलात आणि डाग पडलेली काच आणलीत? त्यावरही काही बोलले नाहीत. आणि हा मणी मेला सगळा कचरा ओढून घेतो, लोकरीचं काही घातलं की धागे नि केस चिकटतात त्याला. खोटाच तो."

"उलट, आई. खराच चिकटवून घेतो. गवताची काडी ओढून घेतो म्हणूनच तर तृणमणी म्हणतात." भिंगराव उठले, एका पेल्यात पाणी घेतलं आणि त्यात मूठभर मीठ ढवळलं. "काच असेल तर बुडेल. तृणमणी असेल तर तरंगेल. दोरा सोडायचा का?"

सासूबाईंनी स्वतःच दोऱ्याची गाठ सोडली. आधी माळेतला एक काचमणी टाकला. तो तळाला जाऊन बसला. मग मोठा मणी. तोही खाली गेला, आणि सासूबाईंनी "बघा, म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला तोंड उघडायच्या आत सावकाश वर आला, पाण्याबाहेर अर्धं डोकं काढून डुलत राहिला.

सासूबाई त्या पेल्याकडे बघत राहिल्या. एक सबंध संसार त्यांनी त्या माणसाला ह्या मण्यावरून बोल लावला होता. जग सोडताना त्याने ते बोलही सोबत नेले होते. त्यांचे डोळे भरून आले, आणि भिंगराव घाईने म्हणाले, "आई, ऑपरेशनचा डोळा आहे, पाणी नको." त्यावर सासूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते मुकाट्याने पेला उचलून आत गेले.

"ह्यांना ठाऊक होतं का हो?" मागून आवाज आला. "आत ती आहे म्हणून?"

हो म्हणायला काय जात होतं? दुसरा कोणीही हो म्हणाला असता. पण तीस वर्षं चिठ्ठीवर फक्त डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणाऱ्या माणसाला ते जमलं नाही. "मला माहीत नाही, आई," ते म्हणाले. "ओठ हलत नसले म्हणजे डोळे बघत नसतात असं नाही, एवढंच मी सांगू शकतो."

ह्या वाक्याने सासूबाई जरा नरम पडल्या आहेत असं समजून भिंगरावांनी त्याच दिवशी मागणी घातली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मण्याच्या दोन बाजू घासून सपाट कराव्या लागतील, तरच पंखांवरच्या शिरा दिसतील. वर्णन लिहून नाव ठेवलं की तो मणी संग्रहालयाचा, कायमचा. ज्या एका नमुन्यावरून नाव पडलं तो नमुना कोणाच्या गळ्यात हिंडू शकत नाही.

"म्हणजे मी घालायची नाही?"

"नाही."

"मग नाही," सासूबाई म्हणाल्या. मणी खोटा होता तोवर त्यांनी कदाचित दिलाही असता. आता तो खरा होता, आणि तो खरा आहे हे भिंगरावांनीच सिद्ध करून दाखवलं होतं.

सासूबाई आपल्या घरी गेल्या. मणी गळ्यात घालून गेल्या. बायको म्हणाली, "मी बोलू का आईशी?" भिंगराव नको म्हणाले. मूग गिळून ते रोज कामावर जात, दुसऱ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहीत आणि दिवस मोजत. पायाचा जाडपणा रात्री स्वप्नात येई.

एका दुपारी जिन्याखालून कोणीतरी वाकून आत आलं. "एवढं बुटकं दार कोणी केलं?" हा प्रश्न ऐकताच भिंगरावांनी खुर्ची पुसली.

सासूबाई बसल्या नाहीत. त्यांनी खोलीची तपासणी केली. धूळ. वास. कपाटाची कडी ढिली. "किल्ली कोणाकडे असते?" "आज माझ्याकडे, पुढे दुसऱ्या कोणाकडे." "आणि तो दुसरा विसराळू निघाला तर?" मग म्हणाल्या, "सगळ्यात जुना कोण आहे तुमच्याकडे?" भिंगरावांनी एक खण ओढला. एक फुलपाखरू, रंग उडालेलं, पण खालची चिठ्ठी शाबूत. ते पकडणाऱ्याचे पणतूसुद्धा म्हातारे झाले असतील.

"ह्या माणसाचं नाव अजून वाचता येतं," सासूबाई म्हणाल्या.

"नाव राहतं, आई. तेवढ्यासाठीच आम्ही आहोत."

सासूबाईंनी गळ्याला हात लावला. "माझ्या मागे हा थोरलीला दिला तर धाकटी रुसणार. धाकटीला दिला तर थोरली तोंड फिरवणार. मग कोणाच्या तरी कपाटात पडून राहणार, आणि हे कोण होते ते विचारणारंही उरणार नाही." त्यांनी माळ डोक्यावरून काढली. "घ्या. पण नाव ह्यांचं ठेवायचं. तुमचं नाही, माझं नाही. ह्यांचं."

घासायची वेळ आली तेव्हा वेगळीच अडचण निघाली. मुंगीच्या पायाला टाचणी लावताना न थरथरणारा भिंगरावांचा हात सासूबाईंच्या मण्यावर थरथरायला लागला. शेवटी बायको म्हणाली, "आण इकडे." दवाखाना बंद करून तिने पाण्याखाली बारीक पॉलिशपेपरने मणी घासला आणि दातांना लावायच्या पेस्टने चकचकीत केला. पेशंटच्या खुर्चीत सासूबाई बसून होत्या. "हळू. तुझ्या वडलांचं आहे ते," असं त्या दर मिनिटाला म्हणत. एवढा घाबरलेला पेशंट त्या खुर्चीत आजवर बसला नव्हता.

घासलेल्या बाजूतून मधमाशी स्वच्छ दिसली. भिंगरावांनी मिशीची पेरं मोजली. बारा. नराला तेरा असतात. शेवटाला नांगीही होती.

"बाई आहे," त्यांनी जाहीर केलं.

"मग नाव ह्यांचं कसं चालेल?"

"चालतं. लॅटिन नावाचं शेपूट किड्यावर जात नाही, ज्याच्या मानाखातर ठेवलं त्याच्यावर जातं. आडनाव घ्यायचं आणि शेवटी पुरुषासाठी 'ई' लावायचा, बाईसाठी 'ए'."

"एवढ्याशा अक्षराने कळतं?"

"एवढ्याशानेच कळतं."

राळ कुठल्या खाणीतली ते रसायनवाल्यांनी तपासून सांगितलं. भिंगरावांनी पंख, पाय, मिशा, केस, सगळं लिहून काढलं, खाली अर्पणाची ओळ घातली, सासऱ्यांच्या स्मृतीस, आणि लेख शास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला. पुढचे काही आठवडे ते इतके खुशीत होते की शिळ्या भाजीलाही छान म्हणाले.

आणि तिथेच माशी शिंकली. तपासनिसांचं उत्तर आलं: वर्णन उत्तम, मधमाशी नि:संशय नवी, परंतु अर्पण एका गृहस्थांना आहे आणि नावाचं शेपूट स्त्रीचं आहे. लेखकाने कृपया ठरवावं.

भिंगरावांनी भिंग काढून स्वतःचा लेख पाहिला. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, प्रत्येक ठिकाणी 'ए'. दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांतल्या असल्या चुका तीस वर्षं पकडणाऱ्या माणसाने स्वतःच्या पहिल्याच नावात सासऱ्यांची बाई करून ठेवली होती. कारण उघड होतं. इतकी वर्षं ती मधमाशी म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर जो गळा येई, तो काही सासऱ्यांचा नव्हता.

रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी सगळं कबूल केलं. बायको हसून हसून टेबलावर पडली. सासूबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे आत्ता त्या कागदावर माझं नाव आहे?"

"आहे. चुकून."

"चुकून का होईना," सासूबाई म्हणाल्या आणि पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. भिंगरावांना तेव्हा उमगलं की जन्मभर सगळ्यांना नावं ठेवणाऱ्या ह्या बाईंचं नाव आजवर कोणी कशाला ठेवलं नव्हतं. त्यांना सासूबाईंची माया आली. लग्नानंतर पहिल्यांदाच आली, हेही सांगायला हवं.

"दुरुस्त करा," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचंच ठेवा. मी त्यांना उभ्या आयुष्यात नावंच ठेवली. आता एक नाव तरी नीट पडू दे त्यांच्या पदरात."

"आई, तिसरंही एक शेपूट असतं," भिंगराव म्हणाले. "'ओरम'. नवरा-बायको दोघांचं मिळून ठेवायचं असलं की ते लावतात."

"दोघांचं? एकत्र?"

"एकत्र."

"किती दिवस?"

"एकदा छापलं की कायमचं."

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे तिथेही सगळं मलाच बोलावं लागणार." आणि मग त्या रडल्या, भरपूर रडल्या, आणि आता डोळा बरा झालेला असल्यामुळे भिंगरावांना काही म्हणता आलं नाही.

नाव छापून आलं निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. ज्याच्यावरून नाव पडलं त्या नमुन्याची खूण म्हणून लाल चिठ्ठी लावून मणी खणात गेला. चिठ्ठी भिंगरावांच्याच अक्षरात, आणि पहिल्यांदाच तिच्यावर नाव ठेवणारा म्हणूनही तेच. सासूबाईंनी माळेत दुसरा मणी ओवू दिला नाही. मधल्या जागी दोऱ्याला दोन गाठी मारून घेतल्या आणि तशीच घालतात.

परवा भिंगराव त्यांच्या घरी नळ दुरुस्त करायला गेले होते. सासूबाईंच्या बहिणीचा फोन आला. पलीकडचा आवाज मोठा, सगळं ऐकू येत होतं. "काय मग, रिटायर होऊनही तुझे जावई अजून माशाच मारतात का?"

"मधमाश्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि मारत नाहीत ते. नाव ठेवतात." मग टिंब असल्याचा संशय नको म्हणून त्यांनी ते पुन्हा, सावकाश सांगितलं.

नळाखाली वाकलेल्या भिंगरावांनी खिशातून भिंग काढलं आणि चाकी नीट बसली आहे ना, ते उगाच बराच वेळ बघत राहिले.